शांतिनिकेतनचं चीना भवन कुणी उभं केलं?

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला शांतिनिकेतनला, विश्वभारती विद्यापीठात चिनी भाषा शिकायला जायचंय. घरात दोन तट पडलेत. तिचे काका म्हणतात, असली केंद्रं चीन सरकारच्या पैशावर चालतात, आपण त्या फंदात पडू नये. तिथं चिनी सुरू केलं कुणी? पैसा कुणाचा? – एक वडील, मिरज

उत्तर : काकांची शंका अगदीच उडवून लावण्यासारखी नाही. २००४ साली सोलमध्ये पहिली कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट, म्हणजे चिनी भाषा-संस्कृती शिकवणारी संस्था, निघाली आणि मग जगभरच्या विद्यापीठांत तशा संस्था निघत गेल्या. त्यांचे शिक्षक, पुस्तकं आणि बराचसा पैसा चीनच्या सरकारी यंत्रणेकडून येत असे. त्यावरून अनेक देशांत वाद झाले, काही विद्यापीठांनी त्या बंदही केल्या.

शांतिनिकेतनात चिनी शिकवणारा विभाग म्हणजे चीना भवन, आणि ते त्या माळेतलं नाही. त्याचं उद्घाटन १४ एप्रिल १९३७ चं, बंगाली नववर्षाच्या दिवशीचं. आजचं चीन सरकार आलं १९४९ मध्ये. पण काकांपासून एक गोष्ट लपवू नका : इमारतीचा आणि ग्रंथालयाचा पैसा चीनमधूनच आला होता. नानकिंगमधल्या तेव्हाच्या चीन सरकारातले ताय ची-ताओ यांच्यासारखे वजनदार लोक पाठीशी होते. जागा आणि कारभार मात्र विश्वभारतीचा. १९५१ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे, म्हणजे खर्चाचा भार दिल्लीवर.

आता माणसांबद्दल. रवींद्रनाथांचं नाव सगळेच घेतात, आणि घ्यायलाच हवं. १९२१ मध्ये फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेवी यांना त्यांनी शांतिनिकेतनात आणलं, तेव्हापासून तिथं चिनीचे धडे सुरू झाले. त्या वर्गातले प्रबोधचंद्र बागची पुढे भारतातले चिनी बौद्ध ग्रंथांचे मोठे जाणकार झाले आणि १९५४ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. १९२४ मध्ये रवींद्रनाथ स्वतः चीनला जाऊन आले, बरोबर नंदलाल बोस, क्षितिमोहन सेन वगैरे मंडळी होती. पण मला विचाराल तर हे भवन तान युन-शान यांचं आहे. हुनान प्रांतातला हा तरुण १९२७ मध्ये सिंगापूरला रवींद्रनाथांना भेटला आणि पुढच्या वर्षी शांतिनिकेतनात दाखल झाला. हाताशी मूठभर विद्यार्थी. त्यांना चिनी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आपण संस्कृत शिकायचं, असा त्यांचा क्रम.

विश्वभारतीची तिजोरी कायम रिकामी. रवींद्रनाथ तर उतारवयातही नाटकाची मंडळी घेऊन निधीसाठी गावोगाव फिरत होते. तेव्हा हे काम तानांनी अंगावर घेतलं. १९३१ मध्ये ते मायदेशी परतले, लोकांच्या भेटी घेतल्या, १९३३ मध्ये नानकिंगला चीन-भारत सांस्कृतिक मंडळ उभं केलं आणि पैसे व पुस्तकं घेऊन परत आले. व्याख्यानं देणारे विद्वान पुष्कळ मिळतात हो. ग्रंथालयासाठी दारोदार हिंडणारा प्राध्यापक विरळा! उद्घाटनाला नेहरू यायचे होते, ते आजारी पडले. त्यांचा संदेश घेऊन इंदिरा आल्या. त्या आधी तिथंच शिकल्या होत्या, त्यामुळे जागा ओळखीची.

लेकीला तिथं पोचल्यावर वर्गाआधी भिंती बघायला सांगा. नंदलाल बोसांनी तिथं रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकाचं चित्र रंगवलं आहे. बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४२ मध्ये आश्रमातली रोजची माणसं चितारली आहेत. बिनोदबिहारींची नजर जन्मापासून अधू होती आणि पुढे ती पूर्णच गेली, हे माहीत असलं की त्या भिंतीपुढून पाय लवकर निघत नाही.

तानांच्या पत्नी चेन नाय-वेइ यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते. सगळं घर त्यांनी परक्या मुलखात लावलं. मुलगा तान चुंग यांनी पुढे दिल्ली विद्यापीठात आणि जेएनयूत चिनी शिकवलं. त्यांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळालं. शांतिनिकेतनात जन्मलेली मुलगी चमेली चित्रकार झाली.

१९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या हजारो लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. तान शांतिनिकेतनातच राहिले आणि १९८३ मध्ये बोधगयेला वारले. काकांना एवढं तरी जरूर सांगा.

प्रश्न : या सगळ्यात आपलं मराठी माणूस कुठे होतं? डॉ. कोटणीसांखेरीज कुणाचं नाव ऐकू येत नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्याच गावात होतं की! फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव विश्वनाथ गोखले आणि पुरुषोत्तम विश्वनाथ बापट असे दोन प्राध्यापक होते. मूळ संस्कृत किंवा पाली ग्रंथ हरवलेला, चिनी भाषांतर तेवढं उरलेलं, अशा ठिकाणी हे दोघे चिनीतून वाट काढत. गोखल्यांनी आर्यदेव या बौद्ध तत्त्वज्ञाचं ‘अक्षरशतक’ असंच चिनी-तिबेटीच्या आधारे अभ्यासलं, ते १९३० मध्ये जर्मनीत छापलं गेलं. बापटांनी चिनीतून केलेलं ‘अर्थपदसूत्र’ विश्वभारतीनेच काढलं, म्हणजे वरच्या मिरजकरांच्या प्रश्नाशी धागा जुळलाच. आणि वसंत परांजपे! सरकारी शिष्यवृत्तीवर १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात गेलेल्या मोजक्या भारतीय विद्यार्थ्यांतले ते एक. नेहरू-माओ भेटीत दुभाषी म्हणून हेच बसले होते.

प्रश्न : आमच्या गावातल्या क्लासच्या जाहिरातीत ‘तीन महिन्यांत फाडफाड चिनी’ असं लिहिलंय. शिकवणारा बरा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ती जाहिरात आधी केराच्या टोपलीत टाका. मग एक दिवस वर्गात मागच्या बाकावर बसून बघा. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून शिकवतात; त्यातला ‘बी’ आपल्या ‘प’सारखा म्हणतात आणि ‘पी’ म्हणजे ‘प’ला हवेचा जोरदार झोत. बरी बाई किंवा बरा सर ओठांपुढे कागदाची पट्टी धरायला लावतो : ‘पी’ला ती उडाली पाहिजे, ‘बी’ला हलता कामा नये. जो शिक्षक पोरांना रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचू देतो, त्याच्याकडे फी भरू नका. आपल्याला तर एक आयती सोय आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च, दोन्ही चिनीत जवळपास तसेच लागतात. हिंदी भाषकांना यातला पहिला घोटून घ्यावा लागतो. तिसरा एक च आहे, जीभ मागे वळवून म्हणायचा. तो मात्र आपल्यालाही शिकावा लागतो. चिनीतले चार सूर (टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) पहिल्याच आठवड्यापासून रोज म्हणून घेतात का, तेही पाहा. ‘ते पुढे आपोआप जमतं’ असं उत्तर मिळालं तर चप्पल घालून निघा.