फेऱ्या मोजण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. नोकरीला वर्ष होत नाही तोवर कौन्सिलसाठी टिपण लिहायचं काम अंगावर आलं, तेही या विषयावर! शनिवारी रात्री मुख्य रस्त्यावर पोरं गाड्यांतून राउंड मारतात, गाणी जोरात लावतात, दुकानदार वैतागलेत आणि नगरसेवकांना 'काहीतरी कडक' हवंय. पेन्सिल्व्हेनियातल्या लहान शहरांत हा विषय दर काही वर्षांनी उन्हाळ्यात डोकं वर काढतो.

तुझी बॉस म्हणेल, यॉर्कचा नियम उचल आणि गावाचं नाव बदल. पेन्सिल्व्हेनियातल्याच यॉर्क शहराने ठरावीक रस्त्यांवर रात्री दोन तासांत एकाच ठिकाणावरून दोनपेक्षा जास्त वेळा विनाकारण गाडी नेणं गुन्हा ठरवलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. 1990 मध्ये थर्ड सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की आपल्या गावात हिंडण्या-फिरण्याचा हक्क माणसाला आहे, पण गर्दी आणि सुरक्षेसाठी शहर त्यावर वाजवी मर्यादा घालू शकतं. नियम टिकला. पेन्सिल्व्हेनिया याच कोर्टाच्या हद्दीत येतं, त्यामुळे तुमचा वकील मान डोलावेल आणि सगळ्यांना वाटेल, झालं काम.

तू मात्र विचार, फेऱ्या मोजणार कोण? शनिवारी रात्री हातात असलेल्या मोजक्या पोलिसांपैकी एकजण कोपऱ्यावर उभा राहून नंबरप्लेटा टिपणार. त्यात पिझ्झा पोचवणारा सापडणार, पार्किंग शोधत तिसऱ्यांदा आलेले आजोबा सापडणार, मुलीला न्यायला आलेली आई सापडणार. मग 'विनाकारण' कोण आणि 'कामाने' कोण, हे पोलिसाने गाडीकडे आणि चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. खरी गोम इथेच आहे.

कॅलिफोर्नियात हेच झालं. ऐंशीच्या दशकात राज्याने शहरांना अशी बंदी घालायची मुभा दिली. नियम कागदावर सभ्य होता: आधी लेखी ताकीद, मगच कारवाई. सॅन दिएगोजवळच्या नॅशनल सिटीने 1992 मध्ये हायलंड अव्हेन्यूसाठी बंदी आणली. लोरायडर, म्हणजे बॉडी जमिनीलगत खाली घेतलेल्या गाड्या हौसेने सजवणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन घरांचं म्हणणं असं की ती आपल्यावरच चालवली गेली. सॅक्रामेंटो आणि सॅन होजेने 2022 मध्ये आपापली बंदी मागे घेतली, नॅशनल सिटीने 2023 मध्ये, आणि त्याच वर्षी राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. 1 जानेवारी 2024 पासून तिथे अशी बंदी घालताच येत नाही. (त्याआधीची एक गंमत: पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तिथे गाडीची बॉडी चाकाच्या रिमपेक्षा खाली नको असा कायदा आला, तर 1959 मध्ये रॉन अग्विरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. नियम लिहिणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं.)

म्हणून टिपण लिहायला बसण्याआधी दोन शनिवार रात्री नऊ ते बारा त्या रस्त्यावर जाऊन बस. पोलिसाच्या गाडीत नको, पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर. गाड्या वळतात कुठे ते बघ. बहुतेक ठिकाणी पोरं एखाद्या बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरून उलटी फिरतात. तिथल्या डाव्या वळणाची रांग सरळ जाणाऱ्या लेनमध्ये येते आणि अख्खा रस्ता तुंबतो. तसं असेल तर शुक्रवार-शनिवार रात्री ते वळण बंद करणं आणि सिग्नलची वेळ बदलणं एवढ्याने निम्मी तक्रार जाईल. तक्रार करणारी दुकानं रात्री उघडी असतात का, तेही टीप. सहाला शटर ओढणाऱ्याचं दुखणं गर्दीचं नसतं, सकाळी दारात सापडणाऱ्या कपांचं आणि बाटल्यांचं असतं. त्याला कचऱ्याचे डबे लागतात, फेऱ्यांवर बंदी नाही.

आवाज, बेदरकार गाडी चालवणं, कचरा, यांच्यासाठी कायदे आधीच आहेत. ज्युनियर लायसन्सवाल्या, म्हणजे अठराच्या आतल्या पोरांना पेन्सिल्व्हेनियात रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवायची मनाई आहे, काही ठरावीक कारणं सोडून. पहिले सहा महिने तर घरचे सोडून अठराच्या आतला एकच जण सोबत चालतो. हे टिपणात वरच घाल. निम्म्या नगरसेवकांना ते माहीत नसेल, आणि ज्यांना माहीत आहे ते सुनावणीत सोयीस्करपणे विसरतील.

आणि पोरांना बोलाव. सुनावणीची नोटीस नेहमीच्या जागी लावून ती येणार नाहीत, हायस्कूलमध्ये जाऊन सांगावं लागेल. त्यांना जायला दुसरी जागा नाही हे त्यांच्या तोंडून ऐकताना कौन्सिलचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. रंकाळ्याभोवती मोटरसायकली फिरवणाऱ्या आमच्या पिढीला ते वेगळं समजावून सांगायला नको, पण कौन्सिलच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना लागतं.

बॉसशी वाद घालू नकोस. यॉर्कसारख्या नियमाचा मसुदाही जोड, पण पर्याय म्हणून, शेवटी. त्याखाली पोलीस खात्याकडून एक आकडा लिहून घे: अंमलबजावणीला दर शनिवारी किती माणसं आणि किती ओव्हरटाइम. तो आकडा आला की बंदीचा उत्साह आपोआप ओसरतो. टिपण दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि डाव्या वळणाचा नकाशा पहिल्या पानावर घे. नगरसेवक मजकूर चाळतात, नकाशा मात्र बघतात.

कच्चा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव, मी लाल पेन घेऊन बसलोय.

तुझा,
काका