बॉक्स तुमचा, भिंत आणि गच्ची कोणाची?

प्रश्न : कोथरूडमधील एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघी लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. हॉलमधील डीटीएच कनेक्शन एका मैत्रिणीच्या नावावर आहे. मला माझ्या खोलीत दुसरा सेट-टॉप बॉक्स हवा आहे; पण मैत्रीण नको म्हणते, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत आणि सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर आणखी एक छत्री लावू देत नाहीत. कायदा माझ्या बाजूने आहे का?

उत्तर : आपल्याला तिघांनी नकार दिला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने या तिन्ही नकारांचे वजन सारखे नाही.

मैत्रिणीच्याच खात्यावर दुसरा बॉक्स जोडायचा असेल, तर तिची संमती अपरिहार्य आहे, कारण तो करार तिचा आणि कंपनीचा आहे. आपण स्वतःच्या नावाने वेगळे कनेक्शन घेतल्यास मात्र तिला हरकत घेण्याचे कारण उरत नाही; अर्थात, नोंदणीकृत करारात लायसन्सी (राहण्याची परवानगी मिळालेली व्यक्ती) म्हणून आपलेही नाव असेल तर. करार एकीच्या नावावर आणि बाकीच्या नुसत्याच सोबत राहणाऱ्या, ही व्यवस्था सर्रास दिसते. आपले तसे असेल, तर बॉक्सचा विषय बाजूला ठेवून आधी करारात नाव घालून घ्यावे, कारण दुसऱ्याच्या जागेच्या वापराच्या हक्कांविषयीच्या १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५६ नुसार राहण्याचे लायसन्स दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही आणि अशा वेळी आपला घरमालकाविरुद्ध स्वतंत्र हक्क जवळजवळ नसतोच.

घरमालकांचा नकार भिंतीपुरता योग्य आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी. त्याने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ चा आधार काही जण सुचवतील, परंतु त्यातील अत्यावश्यक सेवा म्हणजे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट, स्वच्छता यांसारख्या आहेत. दूरचित्रवाणीचा त्यांत उल्लेख नाही. केबल खिडकीच्या फटीतून किंवा एसीच्या जुन्या भोकातून आत घेतली, तर हा वाद उद्भवतच नाही, आणि बॉक्स टेबलावर ठेवायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही.

खरी अडचण गच्चीची आहे. ती सामाईक जागा असून आपण सोसायटीच्या सभासद नाही, त्यामुळे छत्रीसाठीचा अर्ज घरमालकांच्या सहीनेच जायला हवा. इतरांच्या छत्र्या तिथे असताना आपल्यालाच मनाई होत असेल, तर सभासद या नात्याने ते लेखी कारण मागू शकतात आणि सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयातही जाऊ शकतात. मात्र भाडेकरूच्या टीव्हीसाठी कोणी घरमालक तेवढी यातायात करील, असे मला वाटत नाही. त्यापेक्षा मैत्रिणीच्याच कंपनीचे कनेक्शन घेतले, तर तिच्या छत्रीवर दोन जोडण्यांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बसवून दुसरी छत्री टाळता येते. दुसरी कंपनी निवडल्यास हे बहुधा जमत नाही, कारण तिचा उपग्रह वेगळा असतो आणि छत्रीची दिशाही वेगळी धरावी लागते. म्हणजे गच्चीचा प्रश्न पुन्हा मैत्रिणीपाशीच येऊन थांबतो, आणि तिथे कायद्यापेक्षा छत्रीच्या खर्चातील निम्मा वाटा देऊ करणे अधिक उपयोगी पडेल.

काहीही बसवण्यापूर्वी घरमालकांची संमती ई-मेलवर घ्यावी आणि जागा सोडताना बॉक्स व केबल आपण काढून नेणार, त्याबद्दल अनामत रकमेतून कपात होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. लायसन्स रद्द झाल्यावर परवानगीने ठेवलेले सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क ईझमेंट्स अ‍ॅक्टचे कलम ६३ देतेच.