मी कॅथॉलिक आहे, बेकरी चालवतो. रविवारी बेकरी बंद ठेवणं सक्तीचं आहे का?

नाही, रविवारी बेकरी उघडायला सरसकट मनाई नाही. मात्र तुमची आणि तुमच्या कॅथॉलिक कामगारांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बुडता कामा नये, आणि हक्काची विश्रांती प्रत्येकाला मिळायलाच हवी. चर्चच्या कायद्याचा नियम १२४७ उपासनेच्या आणि विश्रांतीच्या आड येणारी कामं टाळायला सांगतो. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २१८७ मात्र मान्य करतो की उपाहारगृहं वगैरेंसाठी काहींना रविवारी राबावं लागतं, आणि तिथेच कामगारांच्या सवडीची जबाबदारी मालकावरही टाकतो. म्हणून पाळ्या लावा. पहाटेच्या भट्टीवर असलेल्याला शनिवार संध्याकाळची मिस्साही चालते (नियम १२४८).

खरं सांगू, शटरपेक्षा मला पगाराची आणि वजनाची काळजी जास्त वाटते. बायबलमधलं लेवीय १९:१३ मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा अडकवून ठेवू नका असं बजावतं, आणि त्याच अध्यायात, ३५-३६ मध्ये, खऱ्या वजनमापांची आज्ञा आहे. भट्टीवरच्या माणसाला पगाराच्या दिवशी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचं, ४०० ग्रॅम छापलेल्या पुड्यात ३८० ग्रॅम टोस्ट भरायचे आणि रविवारी मात्र कुलूप लावायचं, याला श्रद्धेने केलेला धंदा म्हणता येणार नाही.

रविवारचे हे नियम कॅथॉलिकांपुरते आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याबाबत एकमत नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक तर विश्रांतीसाठी शनिवार पाळतात. तुमच्या अडचणीचं नेमकं काय करायचं, ते पॅरिशच्या (तुमच्या स्थानिक चर्चच्या) फादरांना विचारून ठरवा.