एकच प्रश्नावली फोनवर, ऑनलाइन आणि घरी जाऊन भरून घेतली तर उत्तरं वेगळी येतात का?

येतात, आणि चांगलीच वेगळी. पुण्यात काही वर्षं घरोघर फिरून फॉर्म भरून घेतलेत, त्यावरून सांगतो.

समोर माणूस बसला की लोक चांगलं दिसेल तेच सांगतात. जनता वसाहतीत एका काकांना विचारलं, "दारू घेता का?" काकूंनी नुकताच चहा आणून ठेवलेला. काका म्हणाले, "छे, कधीच नाही." काकू माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. मी ‘नाही’ लिहिलं, दुसरं काय करणार? मोबाइल त्यांच्याच हातात दिला असता तर खरं यायची शक्यता जास्त. पण ज्यांना वाचणं जड जातं, ते मग अंदाजाने बोट लावतात किंवा नातवाला भरायला सांगतात. एकांताचं मोल इतकं, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न बाईला एकटीलाच विचारतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात.

फोनवर लांबलचक पर्याय वाचून दाखवले की शेवटचा जास्त निवडला जातो, स्क्रीनवर वरचा. ऑनलाइन फॉर्मात कंटाळलेला माणूस ‘सहमत’चा रकाना खालपर्यंत ठोकत जातो, मग तो कितीही शिकलेला असो.

पद्धती मिसळणार असाल तर प्रत्येक फॉर्मवर तो कसा भरला याची नोंद ठेवा, नाहीतर कोथरूड आणि हडपसरमधला फरक खरा की फॉर्म भरून घेण्याच्या पद्धतीचा, ते नंतर कळत नाही. आणि पेठांमध्ये दुपारी एक ते चार बेल वाजवू नका. तेव्हा मिळणारं उत्तर फॉर्मात लिहिण्यासारखं नसतं.