पऱ्हाटीची काडी

नागपूर

प्रिय डॉक्टर,

(तुला असं म्हणायची अजून सवय नाही झाली.)

संशोधनाला विषय कोणता घेऊ, असं विचारलंस. डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो वाचणारं एआय, जीन थेरपी, मुलांचा वाढता मायनस नंबर. विषय तिन्ही चांगले. पण मधुमेहींच्या पडद्याचा निकाल स्वतःच देणाऱ्या एआयला अमेरिकेत 2018 मध्येच परवानगी मिळाली, त्या रांगेत तू फार मागे उभं राहशील. मुलं बाहेर खेळली की मायनस नंबर लागण्याचं प्रमाण घटतं, हेही दिसून आलंय. मे महिन्यातल्या नागपुरात त्यांनी कधी खेळायचं, ते मात्र मला विचारू नकोस.

मी सांगतो ते जुनाट वाटेल: बुबुळावरची बुरशी.

ओपीडीत एकदा वर्धेकडची एक बाई आली. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी डोळ्यात गेली, त्याला अकरा दिवस झालेले. पदराच्या गाठीतून तिने थेंबांची बाटली काढली. स्टेरॉइड! दुकानातून घेतलेली. दोन दिवस लाली उतरली, म्हणून ती टाकतच राहिली, आणि त्याच थेंबांनी आतली बुरशी फोफावली. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, जखमेच्या कडा पिसासारख्या दिसत होत्या, शेजारी दोन बारके ठिपके. जखम खरवडून केओएच या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बुरशीचे धागे. नाटामायसिन या बुरशीनाशक थेंबांनी जखम भरली, पण फूल (पांढरा डाग) राहिलं. त्या डोळ्याने तिला बोटं मोजता येत, तेवढंच.

त्या हंगामात अशा किती जणी आल्या, ते मी मोजलं नाही. आजही खटकतं.

औषधाचा प्रश्न थोडा तरी सुटलाय. नाटामायसिन की व्होरिकोनाझोल, याची दक्षिण भारतात चाचणी झाली. 2013 मध्ये निकाल आला, नाटामायसिन सरस ठरलं, फ्युझेरियम जातीच्या बुरशीवर तर विशेष. अडलंय ते त्याच्या आधीचं. नेपाळात भक्तपूरला बुबुळावर ओरखडा झाल्या झाल्या अँटिबायोटिक मलम दिलं, तेव्हा पुढचे व्रण टळताना दिसले. तो अभ्यास 2001 चा. पुढे नेपाळातच आरोग्य स्वयंसेविकांमार्फत गावंच्या गावं घेऊन मोठी चाचणी केली, 2022 मध्ये निकाल आला, तर व्रण कमी झालेच नाहीत. का? गावातला माणूस स्वयंसेविकेपर्यंत पोचलाच नाही, की बुरशीपुढे मलमच लंगडं पडलं? हा प्रश्न आपल्या दारात पडलाय. तुला एआयच हवं असेल तर ते इथे लाव: ग्रामीण रुग्णालयात मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून बुरशी ओळखता येते का, बघ.

सिकलसेल या रक्ताच्या आजारात बिघडणारा डोळ्याचा पडदा, हाही विदर्भातच बघावा असा विषय आहे. पण दोन्ही हातांत लाडू नको.

दिवाळीनंतर, वेचणी जोरात असताना, एखाद्या ग्रामीण रुग्णालयात बस. वहीत तीन रकाने आख: काडी कधी लागली, आधी काय टाकलं, इथे कधी पोचली. बाटली कोणाला फेकू देऊ नकोस. आधी लेबलाचा फोटो काढ.

तुझा,
सर