पाकिटावरची बारीक अक्षरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन एसआर १००० ची गोळी मोठी असल्यामुळे तिला गिळवत नाही. खलबत्त्यात कुटून पाण्यातून दिली तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

नाही. एसआर म्हणजे पोटात गेल्यावर सावकाश सुटणारं औषध. गोळी कुटली की बऱ्याच तासांसाठीचा डोस एकदम सुटतो. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब होतात आणि पुढच्या वेळेला औषध पुरत नाही. रक्तदाबाची निफेडिपिन रिटार्ड कुटली तर त्याहून वाईट, रक्तदाब झपकन उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर ही अक्षरं त्याच कुळातली. पण ती ब्रँडच्या नावापुढे असतीलच असं नाही. त्याखालची बारीक ओळ वाचा. तिथे ‘प्रोलाँग्ड रिलीज’ किंवा ‘सस्टेन्ड रिलीज’ असेल तर कुटणं, चावणं बंद. ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असेल तरीही तेच. पँटोप्राझोलवरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, ते फुटलं की औषध वाया.

गोळीवर मधोमध खाच असेल तर? मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही ईआर गोळ्यांना अशी खाच असते. त्या खाचेवर मोडून अर्धी घेता येते, कुटता मात्र येत नाही. इतर एसआर गोळी फार्मासिस्टला विचारल्याशिवाय मोडू नका.

तुमच्या आईंसाठी डॉक्टरांना सरळ सांगा, ‘गोळी गिळवत नाही.’ साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येते का, ते ठरवतील. साधं जेवण किंवा पाणी घेतानाही ठसका लागत असेल तर तेही सांगा, तो प्रश्न गोळीचा नाही. आणि एसआर गोळीचं मऊसर टरफल कधीकधी शौचात दिसतं, त्याने घाबरू नका. औषध आधीच सुटलेलं असतं.

प्रश्न : पट्टीवर एक्स्पायरी फक्त महिना-वर्ष अशी असते. नेमकी कोणत्या तारखेपर्यंत धरायची?

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. चार गोळ्या कापून घेताना बॅच आणि एक्स्पायरी नेमकी दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते. त्यामुळे छापलेल्या बाजूचा फोटो काढून घ्या. घरातही गोळ्या एक्स्पायरी छापलेल्या टोकाच्या उलट्या बाजूने फोडत जा.

प्रश्न : बाळाच्या ॲंटिबायोटिकची पावडर घरी पाणी घालून तयार करायची आहे. बाटली भरताना दर वेळी अंदाज चुकतो.

चूक बहुधा फेसाची असते. आधी बाटली तळहातावर आपटून तळाशी बसलेली पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या अर्ध्यापर्यंत घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी घाला. पुन्हा हलवल्यावर पातळी खाली गेली तर परत खुणेपर्यंत भरा. सोबत पाण्याची कुपी असेल तर तेच पाणी वापरा.

लेबलवर ‘५ मिली’मध्ये किती औषध आहे ते लिहिलेलं असतं. पाणी कमी पडलं की तेवढ्याच ५ मिलीत डोस जास्त जातो. घरातला चमचा नको, मापाचं झाकण किंवा सुईविना सिरिंज घ्या. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तयार केल्यावर फ्रीजमध्ये ठेवतात (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून देतात. दुसरं औषध असेल तर त्याच्या लेबलवरची सूचना पाळा. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि प्रत्येक डोसाआधी बाटली हलवा.