चौदा संस्था, चौदा प्रती

प्रश्न : आम्ही सहा जण कोल्हापुरात दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर करतो. संस्था 14, प्रत्येकीची कोडची प्रत वेगळी. एकीकडे काढलेली चूक महिन्याभरानं दुसरीकडे निघते. मोठ्या कंपन्यांची ‘प्रॉडक्ट लाइन’ पद्धत, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सामायिक कोड आणि ग्राहकागणिक फक्त ठरवून ठेवलेले फरक, आम्हाला झेपेल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : झेपेल. पण काम थांबवून सहा महिने आराखडे काढत बसलात तर नाही. तुमच्याकडे चालतं सॉफ्टवेअर आहे. सामायिक कोड त्यातूनच उकलून काढा.

सुरुवात फक्त बिलाच्या हिशोबापासून. सगळ्यात जास्त हात लागणाऱ्या तीन प्रती घ्या, डिफ काढा, म्हणजे ओळीओळीतले फरक शोधा. प्रत्येक फरकापुढं एकच प्रश्न : हा संस्थेनं मागितला होता, की नकळत पडला? समजा, 7.3 लिटर, दर 51.35 रुपये, होतात 374.855. एक प्रत दर वेळी पैशात राउंड करते, दुसरी दहा दिवसांच्या बेरजेला. सकाळ-संध्याकाळ मिळून 20 नोंदी, म्हणजे सभासदामागं 10 पैशांपर्यंत फरक. रक्कम किरकोळ, पण सचिवांचा ताळा बसत नाही आणि फोन तुम्हालाच येतो. फरक कुणी मागितलेला नसेल तर सचिवांना विचारून एकच पद्धत ठेवा. मागितलेला असेल तर त्याचं सेटिंग करा, आणि नाव ‘राउंड कधी’ असं ठेवा. ‘अमुक संस्था असेल तर’ अशी अट कोडात घातलीत की जुनं दुखणं परत आलं. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) संस्थागणिक ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा, हेही तेच दुखणं.

संस्था नव्या कोडवर नेण्याआधी तिची मागची तीन बिलं त्यातून काढा, पैशापर्यंत जुळवा. बदल बिल निघाल्यावरच करा, मधेच नको.

सेटिंगं फोफावू देऊ नका. 10 हो-नाही सेटिंगं म्हणजे 1,024 प्रकार. ती एकमेकांवर अवलंबून नसतील तर कुठल्याही दोघांच्या चारही जोड्या 6 चाचण्यांत तपासून होतात. तिघांच्या संगनमतानं होणारी चूक मात्र त्यातून निसटू शकते. म्हणून 14 संस्थांची खरी सेटिंगं रोज रात्री चालवून बघा. सगळीकडे ‘हो’ असलेलं सेटिंग काढूनच टाका, ते काम कोडात कायमचं ठेवा.

वेगळी टीम नको. सामायिक कोडात काय जाणार हे एकानं ठरवायचं. एकट्या संस्थेची मागणी प्लगइनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या वेगळ्या तुकड्यात, दुसरीनं मागितली की सामायिक कोडात. (अध्यक्षांना ‘खास तुमच्यासाठी’ म्हणायला हरकत नाही.) आणि ज्या प्रतीला वर्षभर कुणी हात लावलेला नाही, ती सध्या तशीच राहू द्या.